मुका खिळा

कळंबला एसटी थांबते तिथून जुन्या चिंचेपर्यंत शंभर पावलं. त्या चिंचेखाली वजीर नालबंदाची जागा होती. जागा म्हणजे काय, जमिनीत ठोकलेल्या दोन मेखा, दोरखंडाची एक जाड सोल, बैलाचे पाय टेकवायला बाभळीचं दोन फाट्यांचं दुबेळकं, आणि पोत्याच्या तुकड्यावर ओळीनं मांडलेली हत्यारं. वर छप्पर चिंचेचं. पावसाळ्यात चिंच गळायची, तेव्हा वजीर डोक्यावर खताची रिकामी पिशवी घ्यायचा आणि बैलाच्या खुरावर आपली सावली धरायचा.

वयाच्या बाराव्या वर्षी त्यानं हातोडी धरली. मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार एक सालातली. तेव्हा त्याला अडुसष्ट झाली होती. म्हणजे छपन्न वर्षं बैलाचे पाय ह्या माणसाच्या मांडीवर आले आणि गेले. घोड नदीच्या काठापासून ओतूरच्या बाजारापर्यंत बैल धरणारा माणूस त्याला ओळखत नाही, असं झालं नव्हतं. डांबरी सडका झाल्या आणि पत्रीची, म्हणजे बैलाच्या नालाची, गरज वाढली. मग ट्रॅक्टर आले आणि बैलच कमी झाले. वजीरनं दोन्ही पाहिलं. चढतीला तो फुगला नाही, उतरतीला कुणापाशी रडला नाही. "बैल एक असंल तवर नालबंद एक लागंल," एवढंच म्हणायचा.

बैलाचं खूर दुभंगलेलं असतं. म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. खुराच्या कडेचा भाग मेलेला, शिंगासारखा टणक. त्यात खिळा गेला तर बैलाला पत्ताही लागत नाही. पण बोटाच्या पेराएवढं आत गेलं की जिवंत मांस. वरून पाहून कुणाला सांगता येत नाही, मेलेलं कुठं संपतं आणि जितं कुठं सुरू होतं. ते डोळ्याचं काम नाही. खिळा टणक भागातून चालला असला तर प्रत्येक ठोक्याला खणखणीत बोलतो, आणि ठोक्यागणिक त्याचा सूर चढत जातो. जिवाकडं वळला की सूर एकदम बसतो. ओल्या मातीत काठी खुपसावी तसा. वजीरचे वडील त्याला म्हणायचे, खिळा मुका झाला. खिळा मुका झाला की हात जागच्या जागी थांबवायचा, खिळा उपसायचा, भोकात हळद घालून कढत तेल सोडायचं आणि बैल आठ दिवस कोरड्यात बांधायला सांगायचा. एवढं केलं की बैलाला धोका नाही.

वडिलांनी काम सोडलं तो दिवस वजीरच्या मनात कोरलेला होता. ओतूरचा बाजार भरलेला, भोवती पंचवीस-तीस बैल, आणि म्हातारा एका खिलारी खोंडाच्या पायाशी बसलेला. एकाएकी थांबला. खिळा उपसला. तेल सोडलं. मग हातोडी उलटी धरून दांडा वजीरच्या हातात दिला आणि म्हणाला, "एक ठोका उशिरा ऐकू आलं मला. आता तू बस." परत त्यानं त्या हातोडीला हात लावला नाही. नंतर नऊ वर्षं जगला, पण बाजारात गेला तरी लोखंडाकडं पाठ करून बसायचा.

वजीरनं मनाशी ठरवलं होतं, आपलंही तसंच होईल. एक दिवस एक ठोका उशीर होईल. त्या दिवशी उठायचं. त्याआधी कुणी सांगितलं म्हणून उठायचं नाही.

सांगणारे होतेच. थोरला मुलगा चाकणला कंपनीत लागला होता. तो दर सणाला यायचा आणि तेच म्हणायचा, "आता बसा घरी. लोक मला विचारतात, बापाला अजून बैलाच्या पायात बसवलंय का?" बैलाच्या पायात बसणं हे खाली बसणं आहे, असं वजीरला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जो बैल मालकाला शिंग दाखवतो, तो आपल्या पुढ्यात आडवा होतो आणि डोळे मिटून घेतो, ही काय लहान गोष्ट आहे का, असं त्याच्या मनात यायचं. पण पोराला ते कसं सांगणार?

मग डोळ्यात मोतीबिंदू उतरला. तेव्हा त्याची बायको जन्नतबी म्हणाली, "अजी, अल्लानं खूण दिलीय. आता सोडा." वजीर मंचरला शिबिरात जाऊन डोळा करून आला. हिरवी पट्टी सुटली आणि त्याला चिंचेचं पान न् पान दिसायला लागलं. गावभर सांगत सुटला, "सुईत दोरा ववतो मी, दोरा!" त्यानंतर जन्नतबीनं काही बोलायचं म्हटलं की तो म्हणायचा, "तू डोळ्याच्या येळी पन हेच म्हनली व्हतीस."

पण डोळा परत आला आणि कान कधी गेले, ते त्याला कळलंच नाही.

कानाचं जाणं डोळ्यासारखं नसतं. डोळा गेला की माणूस ठेचकाळतो. कान गेला की दुसरेच जरा जोरात बोलायला लागतात. त्यात वजीरची जागा हमरस्त्याला. नाशिककडं जाणारे ट्रक घरघरत असायचे, तिथं सगळेच ओरडून बोलायचे. पहाटेची अजान त्याला ऐकू येईना, तेव्हा जन्नतबी त्याच्या पायाला हात लावून जागं करायला लागली. त्याला वाटलं, बाई म्हातारपणी माया करायला लागली.

आणि खिळा? खिळ्याचा आवाज त्याला येतच होता. छपन्न वर्षं ऐकलेला आवाज. हात ठोका मारायचा आणि आवाज आठवणीतून यायचा. खणखणीत, चढत्या सुराचा. आठवणीतला खिळा कधी मुका होत नाही.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि उसाच्या वाहतुकीआधी पत्र्या मारून घ्यायची घाई सुरू झाली. महाळुंगे पडवळचा हौशीराम आपली जोडी घेऊन आला. सुरत्या आणि पाखऱ्या. हौशीराम पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्याच्या आजाच्या बैलांपासून पत्र्या वजीरच्या घराण्याच्या. जोडी त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेली. पाखऱ्या तर असा की मालकाचा आवाज ऐकल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचा नाही.

"या पावणं," वजीर म्हणाला. "औंदा उशीर केला?"

"अवो चाचा, तुमची येळ घ्यायला वशिला लागतो आता," हौशीराम मोठ्यानं म्हणाला. "सगळा तालुका तुमच्या दारात."

"तालुका नको सांगू. बैल आन."

सुरत्याचं काम झालं. मग पाखऱ्याला पाडलं. पाखऱ्या शहाणा, सोल पायात पडली की स्वतःच गुडघे टेकायचा. हौशीराम त्याच्या डोक्याशी बसला, शिंगावर हात ठेवून. वजीरनं खूर तासलं, पत्री बसवून पाहिली, दाताखालचा खिळा काढला. सात पत्र्या झाल्या. आठवी पुढच्या डाव्या पायाची, आतल्या अंगाची.

तिसऱ्या खिळ्याला पाखऱ्यानं हिसका दिला.

"हो, हो," वजीर म्हणाला आणि पुढचा ठोका मारला. त्यानं वर पाहिलं तेव्हा हौशीराम त्याच्याकडं बघत होता. हौशीरामचं तोंड जरासं उघडलं होतं. मग ते मिटलं. खिळ्याचं टोक खुराबाहेर आलं, ते बाकीच्यांपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं वर. वजीरच्या अंगठ्याला ते लागलं. आडमुठं खूर आहे, असं म्हणून त्यानं टोक मुरगाळलं आणि कानशीनं घासून साफ केलं.

"काय म्हनत व्हतास?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई चाचा. बैल दमलाय."

"बैल न्हाई दमला. तू दमलास. चहा पिऊन जा."

हौशीराम चहा प्याला नाही. जोडी घेऊन गेला. पाखऱ्या रस्त्याला लागेपर्यंत वजीर त्याची चाल बघत होता. चाल बरी वाटली. जित्या भागाचं दुखणं पहिल्या दिवशी चालीत दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण शंकाच नव्हती, तर आठवणार कसं?

तेराव्या दिवशी हौशीराम दुधाच्या गाडीतून कळंबला उतरला. डोक्याला टापशी नाही, दाढी वाढलेली. चिंचेखाली आला आणि उभाच राहिला.

"चाचा, पाखऱ्या गेला," तो म्हणाला. वजीरनं ओठांवरूनच ओळखलं. "पत्र्या काढायला चला."

ही त्या बाजूची जुनी रीत होती. बैल मेला की मालक त्याला आपल्याच रानात पुरतो, पण लोखंडासकट पुरत नाही. लोखंड पायात घेऊन मातीत गेलेलं जनावर पुढच्या जन्मी पुन्हा जुवाखाली येतं, असं म्हातारी माणसं सांगायची. म्हणून ज्यानं पत्री मारली त्यानंच ती काढायची. त्याला बोलवायला मालकानं स्वतः जायचं. त्या कामाला नालबंद आला की त्याला आधी पाणी द्यायचं आणि नंतर जेवायला थांबवायचं नाही.

रानात बांधाच्या कडेला खड्डा खणून ठेवला होता. भावकीतली माणसं मदत करून वस्तीवर गेली होती. हौशीरामची बायको साळुबाई एकटीच तिथं बसली होती, पदर तोंडाला लावून. तिनं तांब्या पुढं केला. वजीरनं दोन घोट घेतले आणि पाखऱ्याकडं वळला.

बैल लाकडासारखा पडला होता. चारी पाय ताठ, मान मागं ओढलेली, जबडा असा आवळलेला की पहार घालूनही उघडला नसता. वजीरनं ते पाहिलं. असं मरण त्यानं आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्या नालबंदाचं काम होतं, आणि दोन्ही वेळा तो त्यांना शिव्या देऊन आला होता.

एक एक करून त्यानं पत्र्या काढल्या. मागच्या पायांच्या चार. पुढच्या उजव्याच्या दोन. डाव्याची बाहेरची. लोखंड स्वच्छ, खिळे कोरडे. मग आठवी. पहिला खिळा कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा पकडीत धरून ओढला तो सहज आला, जसा लोण्यातून यावा. काळा पडलेला. त्याच्यामागं पाण्यासारखा पू आला, आणि वास.

वजीर तो खिळा तळहातावर घेऊन बसून राहिला. डोळे चांगले होते त्याचे. सगळं स्पष्ट दिसत होतं.

हौशीराम पलीकडं उभा होता, खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून. त्याचे ओठ हलले.

"काय?" वजीरनं विचारलं.

हौशीराम पुन्हा काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोल. काय म्हनतोस?"

"मला ऐकू आलं व्हतं!" हौशीराम ओरडला. सगळ्या रानात ऐकू गेलं. पलीकडच्या उसात बसलेले होले उडाले. "खिळा मुका झाला ते मला ऐकू आलं व्हतं, चाचा! माझ्या बानं दावलं व्हतं मला लहानपनी, कसा आवाज बसतो ते. तुमच्याच बानं त्याला सांगितलेलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमाला? मी?" हौशीरामचा आवाज चिरकला. "वजीर नालबंदाला मी सांगू, तुमचा खिळा चुकला म्हनून? माझी जीभ उचलंना. म्हनलं, माझ्याच कानाला भास झाला आसंल. तुमाला कळलं न्हाई आन मला कळलं, आसं व्हईल का?"

हौशीरामला आता थांबता येईना.

"मंचरचा डॉक्टर आला व्हता. धनुर्वात म्हनला. म्हनला, कुठं खिळा-बिळा लागलाय का, पाय उघडून बघू का. म्या न्हाई म्हनलो. म्हनलो, पत्री वजीरचाचाची हाय, तिथं काय न्हाई. गव्हानीचा काटा लागला आसंल."

"माझ्या नावापायी बैल मारलास?"

"म्या मारला?" हौशीरामनं खोरं खाली टाकलं. "चाचा, खिळा कुनी मारला?"

वारा आला, पाखऱ्याच्या शेपटीचा गोंडा हलला आणि क्षणभर तिघांनीही तिकडं पाहिलं.

साळुबाई उठली. तिनं पदर खोचला. ती वजीरच्या समोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसावेत म्हणून की काय, आणि सावकाश म्हणाली, "दोघांनी मारला. आता माती लोटा. ऊन चढलं."

वजीरनं माती लोटली. रीत अशी की नालबंदानं लोखंड घेऊन निघून जायचं. तो गेला नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस खोऱ्यानं ढेकळं ओढत राहिला, खड्डा भरेपर्यंत.

घरी आला तेव्हा जन्नतबी दारात भाकरीचं पीठ चाळत होती. तो तिच्यापुढं बसला. मांडीवर आठ पत्र्यांचं गाठोडं.

"तुला कवापासून ठावं हाय?" त्यानं विचारलं.

तिनं चाळण खाली ठेवली. कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. दोन बोटं वर केली. "दोन वर्सं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की," ती म्हणाली. "किती येळा बोलले. तुमाला ऐकूच आलं न्हाई."

त्याला हसू आलं. ते तसंच तोंडावर राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र थांबेना. जन्नतबीनं पिठाचे हात त्याच्या गुडघ्यावर ठेवले. वडिलांचा तो बाजारातला दिवस त्याला दिसत होता. एक ठोका उशीर झाला आणि म्हातारा उठला. म्हाताऱ्यानं दुसऱ्याच्या बैलाचा जीव जाऊ दिला नव्हता. आपण वाट बघत बसलो होतो त्या उशिराची, आणि तो उशीर ऐकायला कानच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो चिंचेखाली गेला. जन्नतबीला वाटलं, आता काय करावं ह्या माणसाला. पण तो हत्यारं मांडायला गेला नव्हता. मेखा उपटायला गेला होता. एक मेख निघाली. दुसरी चिंचेच्या मुळात अडकली होती. ती हलवत असताना कळंबचाच सावळाराम एक बैल घेऊन आला. सावळाराम म्हणजे गावाची करमणूक. ज्याच्या-त्याच्या खोड्या काढणारा.

"काय चाचा, दुकान हलिवताय व्हय? मुंबईला काय राव?"

"घरी ने बैल. म्या काम सोडलं."

"कवा?"

"काल."

"मंग काल सोडलं आसंल. आज एक करा. ऊस वडायचाय उद्यापासून, डांबरानं खुरं जातील त्याची."

वजीर उभा राहिला. त्याला सांगता आलं असतं, पाठ धरलीय. सांगता आलं असतं, पोरानं शपथ घातलीय. सावळारामनं मानलं असतं आणि गावानंही मानलं असतं. वजीर नालबंद थकला म्हणून बसला, असं लोक आदरानं म्हणाले असते. हौशीराम मेला असता तरी बोलला नसता. वजीरनं कोपरीच्या खिशात हात घातला. रानातून आणलेला काळा खिळा तिथंच होता.

"म्या बहिरा झालोय," तो म्हणाला.

सावळाराम हसला. वजीरला हसणं ऐकू आलं नाही, दात दिसले. "आवो, बहिरं झाला म्हनून काय झालं? पत्री काय कानानं मारत्यात?"

"कानानंच मारत्यात." वजीरनं खिळा पुढं केला. "ह्यो बघ. हौशीरामचा पाखऱ्या ह्यानं गेला. म्या मारला. ज्याला-त्याला सांग. तुझ्याइतकं गावात कुनी सांगत न्हाई, म्हनून तुला सांगतो."

सावळारामचं हसू गेलं. त्यानं खिळ्याला हात लावला नाही. कासरा आवळला, बैल वळवला आणि निघाला. वजीर बघत राहिला. बैलाची जुनी पत्री एका पायाची सैल झाली होती. चालताना डांबरावर टक, टक, टक अशी वाजत असणार. पाऊल पडताना दिसत होतं, एवढंच.

नंतर वजीर पाच वर्षं जगला. त्याच्या घरात पुन्हा कुणी हातोडी धरली नाही. लोक बैल घेऊन नारायणगावकडं जायला लागले, काहींनी बैलच विकले. हौशीरामनं सुरत्या विकला. एकट्याला जुवाखाली धरता येत नाही आणि दुसरा बैल त्याला सोसवला नाही. पुढं त्याच्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर फिरला. बांधाकडची तेवढी जागा तो ट्रॅक्टरवाल्याला सोडायला सांगायचा.

वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, हौशीराम कळंबला यायचा. त्या दिवशी सगळे बैलाच्या मिरवणुकीत असायचे आणि ह्या दोघांकडं बैल नसायचा. वजीरच्या ओट्यावर दोघं बसायचे. बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडून बोलण्यासारखं जे होतं ते एकदा बोलून झालं होतं. म्हणून ते गप्प बसायचे. समोरून रंगवलेली शिंगं जायची, झुली जायच्या, ताशे जायचे. वजीरची नजर मात्र खाली असायची, पायांवर. एखाद्या बैलाचं पाऊल वेडंवाकडं पडलं की तो बोट दाखवायचा, आणि हौशीराम मान हलवायचा.